माजघरातली ब्रुअरी

बाळकुमच्या गावठाणात टॉवरांच्या आड अजून काही कौलारू घरं तग धरून आहेत. ओटी, माजघर, मागे परस. त्यातल्याच एका घरात छोटी ब्रुअरी बसवायचा आराखडा सध्या माझ्या टेबलावर आहे. पुण्यात २००९ साली डूलॅलीने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली, पुढे आपल्या डोंबिवलीत गेटवे ब्रुअरीची बिअर बनू लागली. म्हणजे धंदा नवा नाही. पण बिअरच्या टाक्या शेडमध्ये उभ्या करणं वेगळं आणि जुन्या माजघरात वेगळं.

भेटेल तो सांगतो, कौलारू घर, हवा खेळती, काळजी कशाला? खेळती असते ती वरची हवा. बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो हवेच्या दीडपट जड. पाच टक्के अल्कोहोलच्या हजार लिटर बिअरमागे सुमारे २० घनमीटर वायू निघतो. बारा बाय बाराचं, दहा फूट उंच माजघर निम्मं भरेल एवढा. सुटतो काही दिवसांत, हळूहळू, पण बंद खोलीत तळाशी साचतो. कौलांच्या फटींचा तिथे काही उपयोग नाही. त्यात आपला उंबरठा! शेताच्या बांधाने पाणी अडवावं तसा तो हा वायू अडवून धरतो. रंग नाही, वास नाही, आणि टाकी धुणारा माणूस नेमका खाली वाकलेला. म्हणून टाक्यांच्या नळ्या थेट बाहेर काढल्यात, एक्झॉस्ट घोट्याच्या उंचीवर दाखवलाय, शेजारी गजर करणारा सेन्सर. उंबरठा काढायला घरच्या आजींनी साफ नकार दिला. बरोबरच आहे त्यांचं. भोक भिंतीला पाडू.

वाफेचं उलट, ती वर जाते. वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, तासभर उकळलं की त्यातलं पाच ते दहा टक्के हवेत जातं. भर पावसाळ्यात ती वाफ रोज वाशांना लागली तर बुरशी ठरलेली. उकळण्याचं काम परसात, वेगळ्या शेडखाली.

हजार लिटरची भरलेली टाकी टनाच्या वर जाते. मातीच्या जोत्यावर ती ठेवायची नाही. खाली काँक्रीटचा पाया, भिंतीपासून सुटा. टाकी दारातून शिरत नाही, तेव्हा कौलं उतरवून वरून सोडायची, पावसाळ्याआधी.

फरशीला मालकांना कोटा हवाय. दिसतो छान, पण तो चुनखडीचा दगड. सांडलेली बिअर आणि धुण्यातलं आम्ल त्याला खातं. ओटीवर खुशाल घाला, टाक्यांखाली आम्लरोधक टाइल, मोरीकडे फुटाला पाव इंच उतार. सांडपाण्यात साखर आणि यीस्ट असतं, ते तसंच गटारात सोडता येत नाही. त्याच्या प्रक्रियेची टाकीही परसातच. माल्टच्या चोथ्याचं तेवढं सोपं, म्हशींना चालतो.

परस नसेल तर घर कितीही देखणं असो, हे काम मी घेत नाही.