मेतकुटास, गोळ्यांच्या दिवसांसाठी

प्रिय मेतकुटा,

बाळंतिणीच्या ताटात आणि लहान मुलांच्या गुरगुट्या भातावर तुझी जागा ठरलेली आहे. मी लिहितेय ते वेगळ्या घरासाठी, जिथे कुणाला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यात आणि स्वयंपाकाच्या नुसत्या वासानं मळमळतंय. आमच्या नाशिकमध्ये अशी घरं सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आहेत, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आहेत आणि बंगल्यांतही आहेत. बंगल्यातली माणसं बोलत नाहीत, इतकंच.

पहिले दोन महिने कठीण असतात. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चारही औषधं एकाच गोळीत असतात, आणि वजनाप्रमाणे अशा तीन-चार गोळ्या रोज घ्याव्या लागतात. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी नीट शोषलं जातं, पण पोट रिकामं असलं की ढवळतंही जास्त. वर डॉक्टर सांगतात, प्रथिनं वाढवा. क्षयाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ४५ किलोच्या माणसाला ५४ ते ६७ ग्रॅम. ज्याच्या घशाखाली अर्धी पोळी उतरत नाही, त्यानं हे जमवायचं कसं?

माझ्या धाकट्या दिरासाठी आम्ही आधी प्रोटीन पावडरचा डबा आणला होता. तो गोड, व्हॅनिलाच्या वासाचा पेला तोंडाजवळ नेला की त्याला उमासे यायचे. तू चाललंस. ताजं, आंबट न झालेलं दही, त्यात दोन चमचे तू, चिमूटभर मीठ. फोडणी नाही, कारण कढईतल्या मोहरी-हिंगाचा वास दाराबाहेर असतानाच त्याचा घास अडायचा. थंडसर खाण्याला वास कमी येतो, म्हणून दही कोमटही करायचं नाही. वाटी भरून समोर ठेवली तर तो मान फिरवायचा. बशीत चार चमचे दिले तर संपवायचा, आणि दोन तासांनी आणखी चार.

तुझ्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण तुला भाजते मीच. वाटीभर हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, तितकेच तांदूळ, पाव वाटी गहू. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. उडीद डाळीला घाई केली की ती बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. गिरणीत हरभऱ्याच्या दळणावरच तुला टाकायचं, नाहीतर आधीच्या ज्वारी-बाजरीचं पीठ मिसळतं. डाळ आणि धान्य एकत्र आल्यानं एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं, आणि तुझ्यातली सुंठ मळमळीला बरी.

तरीही तू एकटं पुरणार नाहीस, हे तुझ्यावर माया असूनही मला सांगितलं पाहिजे. तुझ्या दोन मोठ्या चमच्यांत प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दुधाच्या दह्याचा चक्का केला तर त्यात बारा-तेरा ग्रॅम, एका अंड्यात सहा. तुझं काम त्यांना आत सोडायचं. चक्क्यात मिसळलं की तू त्याचा दुधाळ वास झाकतंस. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर भुरभुरलं की तेही खाल्लं जातं.

हे लाड नव्हेत. झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळी, दूध पावडर आणि तेलाची दहा किलोंची शिधापेटी दिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. सरकारही निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देतं. त्या पैशांतून महागडा डबा येण्याआधी दही, अंडी आणि तू यावंस, असं मला मनापासून वाटतं. आशाताई घरी येऊन ‘प्रथिनयुक्त आहार घ्या’ म्हणतात तेव्हा त्यांनी तुझं नावही घ्यावं.

जिथे तुझं काम नाही, तिथे कुणी तुझ्या भरवशावर राहू नये. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलटी थांबेना, तर ते यकृताचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळीआधी हलकं खाल्लं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं, पण मळमळतं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. औषधांत लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर दूध-दही गोळीच्या आगेमागे दोन तास नको. तेव्हा तू मऊ भातावर जा.

रुग्णासाठी मी तुला वेगळं दळते: मेथी आणि हिंग निम्मं, मिरची अजिबात नाही, सुंठ थोडी जास्त. भाजायला तासभर लागतो, आणि बंद डब्यात तू दोन महिने सहज टिकतंस.

तुझी,
नाशिकची एक गृहिणी