माळरान पडीक नसतं

संपादकांनी हवामानबदल आणि वृक्षारोपणावर लिहायला सांगितलं. मी गवताळ प्रदेशांचा अभ्यासक. पृथ्वी तापते आहे आणि ती आपण तापवतो आहोत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती 'दिसेल तिथे झाडं लावा' या सरसकट उपायाबद्दल.

यंदा उन्हाळ्यात एका कंपनीने वृक्षलागवडीसाठी निवडलेला सोलापूर भागातला एक माळ दाखवायला मला नेलं. कागदावर शेरा होता 'पडीक'. इथे झाडं नकोत, असं मी कारणांसह लिहून दिलं. तरीही पावसाआधी खड्डे घेतले गेले, गिरिपुष्पाची रोपं लागली. शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगतं आणि जगलेल्या रोपांचा आकडा सजतो. तो माळ अजून डोक्यातून जात नाही.

तिथे पवन्या होता, मारवेल होतं, कुसळी होती. कपड्यांत रुतते एवढीच कुसळीची ओळख लोकांना असते. दाण्याला जोडलेलं तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत ते दाण्याला मातीत घुसवतं. ही गवतं 'सी-४' गटातली. प्रकाशसंश्लेषणाच्या खोलात शिरत नाही; कडक ऊन आणि कमी पाणी त्यांना मानवतं, दाट सावली मात्र सोसत नाही, एवढं ध्यानात ठेवा. त्यांचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात पाती जळतात, खालचा साठा बहुतेक शाबूत राहतो. खड्डे खणताना आपण नेमका त्यालाच हात घालतो.

आता झाडं लावून कार्बन साठवण्याबद्दलचा वाद. जुलै २०१९मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला: जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर वृक्षाच्छादन शक्य आहे आणि त्यातून २०५ अब्ज टन कार्बन साठेल. जगभर मथळे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोसेफ वेल्डमन आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिलं की हा अंदाज सुमारे पाचपट फुगलेला आहे. झाडं नसलेल्या जमिनीतला कार्बन हिशोबात धरलाच नव्हता, आणि नैसर्गिक गवताळ प्रदेश लागवडीयोग्य मानले होते. पुढच्या वर्षी मूळ लेखकांनी दुरुस्तीही छापली. वृक्षलागवड हा 'सर्वांत प्रभावी' उपाय असल्याचा दावा त्यांनी सौम्य केला. मथळ्यांची दुरुस्ती मात्र कोणी केली नाही. व्याख्यानांत आजही मला तोच आकडा ऐकवला जातो.

त्याच २०१९मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. लावलेली रोपं मोजली. त्यांच्याखाली काय गेलं, ते कोणी मोजलं?

'इथे पूर्वी जंगलच होतं, माणसाने तोडलं,' असं मला हटकून सांगितलं जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५मध्ये जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोकसाहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात काही शतकांपूर्वीही गवत आणि काटेरी, विरळ झाडंच होती, असं त्यातून दिसतं. म्हणजे आपल्या संतांनी पाहिलेला मुलूख आजच्या सरकारी कागदावर 'ऱ्हास पावलेली जमीन' ठरतो. याचा मला मनापासून राग येतो. माळढोक पक्षी सोलापूरजवळच्या नान्नजला जवळजवळ संपला. तणमोर, धाविक, खोकड आणि मेंढपाळ धनगर यांचा आसरा आपण झाडांच्या नावाखाली आक्रसवतो आहोत.

तुटलेल्या जंगलाच्या जागी स्थानिक झाडं जरूर लावा. सह्याद्रीत त्याची गरज आहे. पण कोळसा कमी जाळण्याचा अवघड निर्णय पुढे ढकलायला माळाचा बळी देऊ नका. सरकारने माळरानाला 'पडीक'मधून काढून स्वतंत्र नोंद द्यावी. आणि लागवडीला निघालेल्या प्रत्येकाने आधी तिथे मेंढ्या चारणाऱ्याला विचारावं, इथे कोणतं गवत येतं. त्याने चार नावं सांगितली, तर टिकाव खाली ठेवावा.