गिसाल्लोची माउली



आपल्या संप्रदायात वाटेला फार मान आहे. पांडुरंग पंढरी सोडून कुठे जाणार नाही, गाडीने निघाले तर अर्ध्या दिवसात त्याच्या दारात उभे राहता येते, तरीही आपण आळंदीहून, देहूहून, पैठणहून पायीच निघतो. का निघतो, हे सांगण्यात माझी चाळीस वर्षे गेली. तेव्हा वाटेची आणि चढाची अशी एक माउली परमुलखात आहे हे कळल्यावर, म्हातारपणी का होईना, तिच्या दारी जाऊन यावेसे वाटणे साहजिक होते. माझी लेक आणि जावईबापू नोकरीनिमित्त मिलान शहरात असतात. नातू तिथेच वाढला आणि त्याला सायकलचे वेड आहे. हा योग तसा जुळून आला.

इटली देशाच्या उत्तरेस, मिलानच्या वर, जिथे आल्प्सचे डोंगर सुरू होतात तिथे कोमो नावाचे सरोवर आहे. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा त्याचा आकार. एका पावलाशी कोमो हे गाव, दुसऱ्या पावलाशी लेक्को, आणि दोन्ही पाय जिथे मिळतात त्या बेचक्यात बेल्लाजो. पाणी ४०० मीटरांहून खोल, म्हणजे काठावर उभे राहिले की दोन हातांवर तळ नाहीसा होतो. पाण्याच्या कडेने घरे आणि घरांच्या मागे लगेच डोंगर. मधे सपाट जमीन म्हणून जवळजवळ नाहीच. त्यामुळे रस्ता एक तर पाण्याला चिकटून जातो, नाही तर सरळ वर चढतो.

सायकलवाल्यांना हे दोन्ही रस्ते प्रिय. संपूर्ण सरोवराला सायकलने प्रदक्षिणा घालायची तर सुमारे दीडशे किलोमीटर पडतात. पश्चिमेकडचा रस्ता रोमन काळापासूनचा, त्याला राणीचा रस्ता म्हणतात. तो अरुंद आहे आणि मोटारींची गर्दी फार. पूर्वेकडे मोठा हमरस्ता बोगद्यांतून नेला आहे, तिथे सायकलला मनाई. पण पाण्याच्या कडेचा जुना रस्ता गावागावांतून जातो आणि तो सायकलला सोयीचा. एवढी फेरी ज्याला झेपत नाही तो मधूनच नाव धरतो. मेनाज्जो, बेल्लाजो, वारेन्ना या गावांमध्ये दिवसभर नावा चालतात आणि त्या सायकलीही घेतात. नातवाने हे सांगितले तेव्हा मला आपली चंद्रभागा आणि तिच्या होड्या आठवल्या. असो.

आपल्याला जायचे होते वर. बेल्लाजोहून दक्षिणेला, सरोवराच्या दोन पायांमधल्या डोंगरावर एक चढ जातो, सुमारे साडेआठ किलोमीटरांचा. सरोवराची पातळी समुद्रापासून २०० मीटरच्या आसपास, आणि वरची खिंड ७५४ मीटर. या खिंडीत, माग्रेल्यो गावाच्या हद्दीत, मारिया मातेचे लहानसे देऊळ आहे. त्याला मादोन्ना देल गिसाल्लो म्हणतात. चढाची गंमत अशी की तो सुरुवातीलाच अंगावर येतो. गाव सुटते न सुटते तोच वळणामागून वळण, आणि काही ठिकाणी शंभर मीटर जावे तर चौदा मीटर वर चढावे लागते. मग मध्यावर चिव्हेन्नाच्या बाजूला रस्ता सपाट होतो, थोडा उतरतोसुद्धा. माणसाला वाटते, झाले, संपले. तिथून पुढे पुन्हा चढ आहे. साधकाच्या मार्गाविषयी बोलताना मी असेच काही सांगत असे, पण इतका नेमका दृष्टांत मला सुचला नव्हता.

जावईबापू गाडी हळू चालवीत होते, पुढे नातू पायडल मारीत होता. साठीच्या पुढचे स्त्रीपुरुषही त्या चढावर होते. कुणी कुणाशी बोलत नव्हते, फक्त श्वासाचा आवाज.

देवळाची कथा आपल्या कथांसारखीच. जुन्या काळी गिसाल्लो नावाच्या सरदाराला इथे चोरांनी गाठले. रस्त्याकडेला मारियाचे चित्र होते, तो धावत तिच्यापाशी गेला आणि वाचला. तेव्हापासून ती वाटसरूंची रक्षणकर्ती झाली. पुढे वाटसरू सायकलवर आले. १९०५ साली लोंबार्दी प्रांताची सायकल शर्यत सुरू झाली. ती शरद ऋतूत होते, म्हणून तिला गळत्या पानांची शर्यत म्हणतात. १९१९ पासून ती या चढावरून जाऊ लागली. स्वार देवळापाशी आले की घंटा वाजवायची असा प्रघात पडला. गावच्या पाद्र्याने ही माता सायकलस्वारांची मानावी असा ध्यास घेतला आणि १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तसे जाहीर केले. पोपनी पेटवून दिलेली ज्योत सायकलस्वारांनी एकमेकांच्या हाती देत रोमहून इथवर आणली. ती आत अजून तेवते. पालखीच्या वाटेवर खांदे बदलत जातात, तसेच हे.

आत पाऊल टाकले आणि मी थबकलो. भिंतींवर वरपासून सायकली टांगलेल्या. शर्यती जिंकणाऱ्यांचे सदरे चौकटीत लावलेले. एक आहे जीनो बार्तालीची सायकल. या माणसाने फ्रान्सची मोठी शर्यत १९३८ साली जिंकली आणि मग मधे महायुद्ध होऊन गेल्यावर, दहा वर्षांनी, १९४८ साली पुन्हा जिंकली. तो कडवा श्रद्धावान होता, लोक त्याला भाविक जीनो म्हणत. युद्धकाळात सरावाच्या नावाखाली तो फ्लॉरेन्सहून असीसीला सायकल दामटीत असे आणि सायकलच्या नळीत ज्यू लोकांसाठी केलेली बनावट ओळखपत्रे लपवून नेत असे. पकडला असता तर मरणच. युद्ध संपल्यावर त्याने याचा गाजावाजा केला नाही. तो २००० साली वारला. इस्रायलच्या स्मारकाने त्याला सन्मानित केले ते २०१३ साली. दानाचा डांगोरा पिटू नये, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि मंडपाबाहेर देणगीदारांचा फलक लावतो. यापुढे मी काही बोलत नाही.

दुसरी सायकल फाबिओ कासार्तेल्लीची. हा याच मुलखातला, कोमोकडचा मुलगा. १९९२ साली बार्सेलोनाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्सच्या शर्यतीत पिरेनीज डोंगराचा एक घाट उतरताना तो पडला आणि गेला. वय चोवीस. त्या काळी शर्यतीत हेल्मेटची सक्ती नव्हती, ती २००३ साली आली. दुसऱ्या दिवशी स्वारांनी शर्यत लावली नाही. सगळे एका चालीने दिवसभर चालले आणि शेवटी मागे राहून त्याच्या संघातल्या सोबत्यांना पुढे जाऊ दिले. त्याची सायकल या देवळात आहे.

इथे मला एका गोष्टीविषयी लिहिलेच पाहिजे. देवळात वस्तू टांगणे म्हटले की आपल्याला नवस आठवतो. पाळणा टांगतात, घंटा बांधतात. संतांनी नवसाला फारसे जवळ केले नाही आणि मीही कीर्तनात कधी केले नाही. या भिंतीवरच्या बऱ्याच सायकली फेडलेल्या नवसासारख्या आहेत, जिंकलो म्हणून आणून वाहिल्या. पण कासार्तेल्लीच्या सायकलीत मागणे कुठले? घरच्यांच्या पदरी काही पडले नव्हते, गेलेच होते. तरी ती सायकल त्या मातेच्या घरीच आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो.

वारीच्या वाटेवर ज्याला मरण येते तो भाग्यवान, असे आपल्यात म्हणतात. म्हणणाऱ्यांचा भाव खोटा नाही. पण मी हे वाक्य कीर्तनात कधी घेतले नाही, त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या दिंडीतला एक वारकरी दिवे घाटात, भर दुपारी, टाळ वाजवता वाजवता खाली बसला तो उठला नाही. सासवडला मुक्कामी लोक त्याच्या घरधनिणीला सांगत होते, बाई, भाग्यवान हो तुमचा माणूस. ती ऐकून घेत होती. सगळे पांगल्यावर तिने मला विचारले, "महाराज, त्यांचे टाळ कुठं हायेत?" ते मी आणून दिले. तिने ते पदराला पुसले आणि दिंडीच्या मठात खुंटीला लावा म्हणाली, घरी नको. पुढे ती पंधरा-सोळा वर्षे वारीला आली. मठात आली की आधी त्या खुंटीकडे पाही, मग विठोबाच्या तसबिरीकडे. भाग्याचा शब्द तिने स्वतः कधी उच्चारला नाही. म्हणून मीही उच्चारीत नाही.

देवळाबाहेरच्या चौकात धातूचे एक मोठे शिल्प आहे. दोन सायकलस्वार, एक हात उंचावलेला, दुसरा पडलेला. खाली लेक्कोकडचे निळे पाणी आणि समोर ग्रिन्या डोंगराचे उघडे कडे. नातू घामाघूम होऊन दगडावर बसला होता. पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "आबा, खरा चढ अजून पुढे आहे." आणि खरेच त्याने आम्हाला सोर्मानोला नेले.

सोर्मानोची भिंत म्हणतात त्या रस्त्याला. गावाच्या वर रानातून जाणारी जेमतेम दोन किलोमीटरांची वाट, मोटारींना बंद. काही ठिकाणी शंभर मीटरला पंचवीस मीटरांहून अधिक चढ. १९६० पासून तीन वर्षे शर्यत इथून नेली, पण भलेभले स्वार खाली उतरून चालू लागले आणि कडेचे लोक त्यांना मागून ढकलू लागले. शर्यतीत ढकलणे म्हणजे लबाडी. म्हणून ती वाट सोडून दिली, ती पुन्हा घेतली २०१२ साली. मला इथे हसू आले. आपल्याकडे दिवे घाट आला की माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि ज्याची जोडी लागली त्याचे घर वर्षभर तो मान सांगते. तिथे जी लबाडी, ती आपल्याकडे सेवा. खेळ आणि वारी यांतला फरक मला शास्त्रात शोधावा लागला नाही.

त्या भिंतीच्या डांबरावर उंचीचे आकडे रंगवलेले आहेत, एकेक मीटरला एकेक. चढणाऱ्याला सारखे दिसत राहते की किती आलो. गाडी जात नव्हती म्हणून मी काठी टेकीत पहिल्या वळणापर्यंत चाललो आणि ते आकडे पाहिले. नातू वर जाऊन परत आला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. मी विचारले, आकड्यांचा आधार होतो का रे? तो म्हणाला, "नाही आबा. उलट छळतात. एक मीटर वर जायला किती वेळ लागतो ते कळतं." मग थोडे थांबून, "तुमच्या घाटात असतात का?" मी म्हटले, आमच्या घाटात मागचा माणूस नाम घेत असतो, त्याच्याआधी थांबायची लाज वाटते, एवढाच हिशेब.

परतताना तो गाडीत माझ्याशेजारी बसला. देवळातल्या सायकलींविषयीच बोलत होता. म्हणाला, "आबा, तुमचे टाळ कुठे ठेवायचे, तुमच्यानंतर?" लेकीने पुढच्या सीटवरून त्याला दटावले. दटावण्यासारखे त्यात काही नव्हते. घसा गेल्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही, हे त्याला ठाऊक आहे, आणि टाळांची जोडी मी परदेशीही पिशवीतून नेली होती हे त्याने पाहिले होते. मी म्हटले, मठात खुंट्या पुष्कळ आहेत. पण तूर्त ते पिशवीतच असू देत, उद्या एकादशी आहे.