भोजनकारभाऱ्याची जीभ

धर्मगुरूच्या जीवनात द्राक्षारस रोजचाच. मात्र त्याची निवड त्याच्या हाती नसते. वेदीवरील द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षफळांपासूनच झालेला आणि न बिघडलेला असावा, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ९२४ वे कलम सांगते. तेथे माझ्या आवडीनिवडीला स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. घरच्या टेबलावर येणाऱ्या बाटलीची गोष्ट वेगळी. लग्नसराई जवळ आली, की धर्मग्रामातील कुणी ना कुणी विचारतोच, ‘फादर, कोणती वाइन आणू?’ या प्रश्नामागे चवीच्या ओढीपेक्षा चारचौघांत हसे होण्याची धास्तीच अधिक असते.

अशा वेळी मला काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी आठवतो. तो द्राक्षारस कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. नाव नाही, किंमत नाही. केवळ चाखून त्याने निवाडा दिला. आपणही आपल्या जिभेवर तेवढा विश्वास का ठेवू नये?

ती जीभ स्वयंपाकघरातच घडलेली असते. ज्याला कडक कोरा चहा रुचतो, त्याला तांबड्या वाइनचा तुरटपणाही रुचण्याचा संभव आहे. हा तुरटपणा द्राक्षांच्या साली व बियांतून उतरतो. त्याने शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों घेऊन पाहावी. कैरी आणि लिंबाचे सरबत ज्याला प्रिय, त्याने आंबटसर सोव्हिन्यों ब्लांक निवडावी. गोव्याकडच्या गोड ‘पोर्ट’वर वाढलेल्यांनी आपल्या गोड आवडीची लाज बाळगण्याचे कारण नाही. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबण्याची क्रिया चालू असतानाच द्राक्षांची ब्रँडी घालून ती थांबवतात, म्हणून द्राक्षांची साखर शिल्लक राहते. मात्र त्या पोर्टमध्ये मद्यार्क सुमारे २० टक्के, तर साध्या वाइनमध्ये बहुधा १२ ते १४. लेबलावरील हा आकडा आधी वाचावा.

आपले जेवण तिखट. तुरटपणा व मद्यार्क तिखटाचा दाह वाढवतात. म्हणून सोरपोतेल-विंदालूशेजारी गार, किंचित गोडसर पांढरी वाइन शोभते. नाशिकची शेनिन ब्लांक या कामी बरी. आपल्या हवेत तांबडीही थोडी गार करूनच घ्यावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असले, तर ते हलकेपणाचे लक्षण मानू नये. लग्नासाठी खोकी आणण्यापूर्वी दोन-तीन वेगळ्या बाटल्या आणाव्यात, लेबले झाकावीत आणि घरच्या मोठ्यांनी चाखून ठरवावे. कर्ज काढून महागडी बाटली मिरवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

चव आणि नशा यांची वाट एक नव्हे. चव घेणारा एका पेल्यावर थांबू शकतो; नशेला चवीची गरजच उरत नाही. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठवासीयांना रोज ठरावीक माप दिले, पण तृप्तीपर्यंत पिऊ नये, असेही बजावले. आणि ज्याला पहिला पेलाच घातक, त्याचे काय? व्यसनाने ग्रासलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या अनुमतीने, आंबणे जेमतेम सुरू झालेला द्राक्षांचा रस वेदीवर वापरता येतो; २००३ मध्ये रोमने तसे पुन्हा स्पष्ट केले. वेदीवर जर अशा दुर्बळाची काळजी घेतली जाते, तर आपल्या मांडवात त्याच्यासाठी सरबताचा पेला आधी भरून ठेवायला काय हरकत आहे? यजमानाची खरी पारख तेथेच होते.