सोनकी आणि तिचे पांढरे केस

भाद्रपदात सह्याद्रीचे उतार पिवळे होतात, ते बहुतांशी सोनकीमुळे. हे झाड कोणी लावीत नाही. पावसाच्या सरींबरोबर ते गवतात उगवते, जेमतेम गुडघ्यापर्यंत वाढते आणि दिवाळीच्या आसपास वाळूनही जाते. कातळावरील वीतभर मातीही त्याला पुरते. सिंहगड, पुरंदर, कासचे पठार येथे ते विपुल आहे.

सोनकी सूर्यफुलाच्या कुळातील. शेवंती व झेंडू ही तिची भावंडे. आपण जिला एक फूल म्हणतो, तो वास्तविक अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पिवळी 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या चकतीत नळीसारखी फुले दाटीने बसलेली. फुले सुकली की प्रत्येक बीजावर पांढऱ्या केसांचा झुबका येतो आणि ते वाऱ्यावर तरंगत जाते. या केसांवरूनच वनस्पतिशास्त्राने या प्रजातीला 'सेनेसिओ' म्हटले. लॅटिन भाषेत 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध मनुष्य. आपल्याकडची मुलेही अशा तरंगत्या बीजांना 'म्हातारी'च म्हणतात! माझ्या ज्येष्ठ रुग्णांना हे सांगितले की ते मनापासून हसतात.

परंतु गतवर्षी एका आजींच्या सूनबाईंनी विचारले, "डॉक्टर, गडावरून सोनकी आणली आहे. सांधेदुखीसाठी काढा करून देऊ का?" मी स्पष्ट नकार दिला. सेनेसिओ प्रजातीच्या वनस्पतींत यकृताला घातक अशी अल्कलॉइड द्रव्ये आढळतात. ती यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पाडतात. मग पोटात पाणी साचते, कधी कावीळही होते. उकळल्याने हे विष जाते असे मानू नये. उलट ते काढ्यात उतरते. थोडे थोडे, पण रोज घेतलेलेही बाधते. 'रानातले आहे, म्हणजे निर्धोक' हा समज मला या वयात विशेष धोक्याचा वाटतो, कारण बहुतेकांच्या यकृतावर आधीच चार-पाच औषधांचा भार असतो. असा काढा कोणी घेतला असेलच, तर तो थांबवून डॉक्टरांना अवश्य सांगावे. शक्य असल्यास झाडाची फांदी सोबत न्यावी.

पाहायला मात्र आजी-आजोबांना जरूर न्यावे. गड चढण्याची आवश्यकता नाही. घाटरस्त्याच्या कडेच्या उतारावर सोनकी गाडीतूनही दिसते. काठी, पाणी आणि दुपारची गोळी तेवढी बरोबर असू द्यावी.