वायरमनला आकडा सांगा

मैत्रिणींनो, मूल तापलं की आपण थर्मामीटर लावतो आणि डॉक्टरांना "102 आहे" असं सांगतो. मग डॉक्टरही नीट ऐकतात. विजेचं काही बिघडलं की मात्र आपली भाषा बघा! "लाइट मंद आहेत", "मशीन चावतंय", "काहीतरी होतंय खरं". मग वायरमन म्हणेल ते ऐकून घ्यायचं आणि मागेल ते द्यायचं. म्हणून म्हणते, घरात एक डिजिटल मल्टीमीटर असू द्या.

साधा मीटर तीन-चारशे रुपयांतही मिळतो आणि सेल तपासायला तो पुरेसा आहे. पण भिंतीतल्या विजेला लावायचा असेल तर इथे काटकसर नको. ज्यावर 'कॅट थ्री, 600 व्होल्ट' असं छापलं आहे असा, चांगल्या कंपनीचाच घ्या.

पहिल्यांदा हातात घेतला की त्याच्या तोंडावरचे आकडे पाहून जीव दडपतो. घाबरू नका, त्यातलं निम्मंअधिक आपल्याला कधीच लागत नाही. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात. लाल वायर जिथे 'व्ही' हे अक्षर आहे तिथे. तिसरं भोक 10 अँपिअरचं असतं, त्याच्याकडे आपण बघायचंसुद्धा नाही. लाल वायर तिथे राहिली आणि टोकं प्लगात घातली तर सरळ शॉर्टसर्किट होतं. हातातच स्फोट होऊ शकतो. म्हणून मी दर वेळी लाल वायर कुठे आहे ते बघते आणि मगच पुढचं.

मधल्या गोल बटणाभोवती 'व्ही' दोनदा येतो. एकाशेजारी नागमोडी रेघ असते, तो भिंतीतल्या विजेसाठी. दुसऱ्याशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते, तो सेल आणि बॅटरीसाठी. किती व्होल्ट असतील याचा अंदाज नसेल तर मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा. पडद्यावर डावीकडे नुसता 1 दिसला तर मीटर बिघडलेला नसतो, बटण लहान आकड्यावर आहे एवढंच.

सुरुवात सेलनेच करा, त्यात धोका काही नाही. बटण सरळ रेघेच्या 20 वर, लाल टोक सेलच्या टोपीला, काळं बुडाला. नवा सेल दीडच्या थोडा वर दाखवतो. 1.2 च्या खाली गेला की त्याचं आयुष्य संपत आलं म्हणायचं. (चार्ज करायचे सेल मुळातच 1.2 चे असतात बरं का, ते फेकू नका!) टोकं उलटी लागली तर आकड्याआधी वजाची खूण येते, बाकी काही होत नाही. रिमोट बंद पडला की आपण दोन्ही सेल बदलतो. मोजून पाहा, पुष्कळदा त्यातला एकच मेलेला असतो.

आता आमच्या वॉशिंग मशीनची गोष्ट. हात लावला की बोटांना झिणझिण्या येत. वायरमन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा टेस्टर लावून म्हणाला, "वहिनी, तुमचे पाय ओले असतील." यांनाही ते पटलं. आता कपडे धुताना पाय कोरडे कुणाचे असतात, सांगा!

माझा भाचा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकतो. तो सुट्टीत आला होता, म्हणाला, "मावशी, वाद कशाला घालतेस? मोज." पायात कोरड्या रबरी चपला, बटण नागमोडी रेघेच्या 600 वर आणि बोटं टोकांच्या प्लास्टिकच्या कडेमागे. तो शेजारी उभा होता म्हणूनच मी धजले. तुम्हीही पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करा.

तीन भोकांच्या प्लगात वरचं मोठं भोक अर्थचं, समोरून पाहताना खालचं उजवं फेज, डावं न्यूट्रल. निदान तसं असायला हवं. फेज आणि न्यूट्रलमध्ये 228 आले. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, म्हणजे हे ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. आले 60, तेही सारखे खाली-वर! म्हणजे अर्थची वायर कुठेतरी सुटलेली. डिजिटल मीटर इतका हळवा असतो की लोंबत्या वायरीवरही काहीबाही आकडा दाखवतो. वायरमनच्या टेस्टरचा दिवा फेज लागला की पेटतो, अर्थ सुटली आहे हे त्याला कळत नाही.

हे आकडे फोनवर सांगितल्यावर तोच वायरमन त्याच संध्याकाळी आला. मेन स्विच बंद करून त्याने प्लगाची पाटी उघडली, तर हिरवी वायर स्क्रूमधून निघून आत वाकून पडलेली. अर्थ नसताना मशीनच्या आत कधी फेजची वायर पत्र्याला टेकली असती, तर झिणझिण्यांवर भागलं नसतं. आमच्या घरात रांगतं मूल आहे. पाय ओले असण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

काही नव्या प्लगांत भोकांवर पडदे असतात. तिथे टोकं रेटून घालू नका, ते काम वायरमनलाच करू द्या. आकडा मात्र आपण स्वतः वाचायचा. आणि ओहमच्या खुणेवर बटण ठेवून चालू विजेला कधीही टोकं लावू नका.

इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरीही यावर कळते. पूर्ण चार्ज करून दोनेक तास स्वस्थ ठेवली की 12.6 च्या आसपास हवेत. 12 च आले तर ती जवळजवळ रिकामी आहे. रात्रभर चार्जिंग करूनही असंच होत असेल तर आधी पाणी बघा, मग दुकानदाराला फोन करा.

काम झालं की मीटर बंद करायला विसरू नका. आत 9 व्होल्टचा चौकोनी सेल असतो. तो उतरला की मीटर खोटेच जास्त आकडे दाखवू लागतो. पडद्यावर सेलचं छोटं चित्र दिसलं की त्याच दिवशी बदलून टाका.