टर्न किती?

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या गिटारचा मधला पिकअप मुका झाला. वसईची खारी हवा लोखंडी गेटलाही सोडत नाही, तिथे केसाएवढी तांब्याची तार काय टिकणार! गिटार लग्नाच्या मांडवात वाजवणाऱ्या मामांकडून आलेली, म्हणून टाकवेना. नवघरला पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे पिकअप घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डब्बी डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, टर्न किती?

वेढ्यांचा हिशेब चुकला की मोटार पुन्हा जळते, त्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण ज्या हातांनी जुने पिकअप घडवले, त्यांच्यापाशी त्याचं नेमकं उत्तर नव्हतं. त्या हातांची आठवण काढावी म्हणून हे लिहितोय.

पिकअप म्हणजे सायकलच्या डायनामोचा चुलतभाऊ. चुंबक, त्याभोवती तारेची गुंडाळी आणि वर थरथरणारी पोलादी तार. ती थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत इवलासा वीजप्रवाह उमटतो. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी, लिओ फेंडर यांच्या गिटारच्या कारखान्यात, 1950च्या दशकात याची कृती अशी होती: जाड दाबीव फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत ठोकून बसवलेल्या सहा अल्निको चुंबकांच्या कांड्या, लॅकरमध्ये एक बुचकळी आणि मग थेट त्या कांड्यांवर तार. जाडी 0.06 मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकेचा 42 नंबर, म्हणजे आपल्या दुकानांतल्या गेजमध्ये साधारण 46. वेढे आठेक हजार. एवढ्याशा डब्बीत किलोमीटरभर तार! शेवटी मेणात बुडवायचं, नाहीतर मोठ्या आवाजात गुंडाळी शिट्टी मारते.

यंत्र फिरायचं, पण तार चिमटीतून सोडायची कामगाराने. या कामावर बहुतेक बायकाच असत. चिमूट जरा घट्ट झाली की तार तुटली, सैल सोडली की गुंडाळी फुगली. डावीकडून उजवीकडे हात जाई, पण दर खेपेला सारखा नाही. वेढे थोडे विस्कटून पडत आणि गंमत अशी की, त्या विस्कटण्यानेच थरांमधली धारिता कमी होऊन स्वर मोकळा वाजे. ॲबिगेल इबारा 1956 मध्ये तिथे रुजू झाल्या आणि 2013 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातच्या पिकअपसाठी वादक रांगा लावत. बाकीच्या कित्येकींची नावंही उरली नाहीत.

मिशिगनमधल्या कॅलमझूला, गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या कारखान्यात, तर आणखी मोकळा कारभार. तिथल्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलट्या जोडून विजेची घरघर मारणारा ‘हमबकर’ बनवला आणि 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. (अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. म्हणजे आपली घरघर षड्ज धरला, तर त्यांची बरोबर कोमल गंधारावर. घरघरसुद्धा सुरात!) गिब्सनमध्ये तार गुंडाळायच्या लिसोना यंत्रांवर रीळ भरलेलं दिसलं की थांबायचं, अशी रीत. एका रिळावर सुमारे 5,000 वेढे, पण जोडीतली दोन रिळं क्वचितच सारखी. चुंबकही हाताला लागेल त्या प्रतीचा. ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा चिकटपट्टीवजा शिक्का असलेल्या त्याच पिकअपसाठी आज लोक गाडीची किंमत मोजतात. पेटंट 1959 मध्ये मिळालं, पण पुढच्या शिक्क्यावर नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा. नक्कल करणाऱ्यांना चकवायला की निव्वळ चूक, यावर अजून वाद घालणारे भेटतात. मला चूकच वाटते. त्या कारखान्याच्या स्वभावाला ती शोभते.

1965च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. तारेवरचा लेप त्याआधीच बदलू लागला होता. हळूहळू मोजणीची यंत्रं आली, वेढे ओळीत बसू लागले, एक पिकअप दुसऱ्यासारखा वाजू लागला. त्यात वाईट काही नाही. माझी दुसरी गिटार तसलीच आहे आणि ती पावसातही वाजते.

काकांना मी एवढंच म्हणालो, आठेक हजार असतील. ‘आठेक’ हा शब्द त्यांना मुळीच आवडला नाही. त्यांच्या हँडलच्या यंत्राला काटा आहे आणि प्रत्येक मोटारीचा गेज, टर्न, तांब्याचं वजन लिहिलेली कळकट डायरी. हवं तर जुनी गुंडाळी कापून मोजू, म्हणाले. मोटारीची तशीच मोजतात. करवतीचं पान त्यांच्या हातात होतंच.

मी पिकअप परत रुमालात बांधला. डायरीत त्यांनी तोवर ‘गिटार, 1 नग’ लिहिलं होतं. टर्नचा रकाना मोकळा ठेवून ते पुढच्या पंपाकडे वळले.